मदत हवी आहे : तापी खोऱ्यातल्या थंडीच्या अंदाजावर काम करायचंय, महासंगणकावर वेळ आणि निधी कुठून मिळेल?

सुकीकाठ

नमस्कार मंडळी,

रावेर-यावल पट्ट्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. पीएचडी एरोसोलवर, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांवर झाली, पण नंतरची वर्षं तास, पेपर तपासणी आणि नॅकच्या फायली यातच गेली. आता एक विषय मनात घट्ट बसलाय. त्यासाठी सरकारी मदत नक्की कुठून मिळते, कुणाचं दार वाजवायचं, हे सांगा.

विषय केळीचाच. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून गारठा उतरला की बागांवर चरका येतो. पानं पिवळी पडतात, निसवण रखडते, घड नीट बाहेरच पडत नाही. हवामान खात्याचा अंदाज सगळ्या जिल्ह्याचा मिळून येतो : किमान तापमानात दोन-तीन अंशांची घट. पण सातपुड्याच्या पायथ्याचं शेत, तापीकाठचा सखल भाग आणि जामनेरकडचं माळरान यांची रात्र सारखी नसते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर गार हवा सखलात येऊन साचते. आदल्या दुपारी हे गावाच्या पातळीवर कळलं तर शेतकरी रात्री पाणी देईल, बांधावर धूर करेल. शिवाय फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या केंद्रावर नोंदलेल्या तापमानावर ठरते. म्हणजे मंडळाचा पारा हा इथे पैशाचा प्रश्न आहे.

माझ्या डोक्यात १ किमी जाळीवर (नकाशाचे १ किमीचे चौकोन पाडून) डब्ल्यूआरएफ हे हवामान अंदाजाचं मॉडेल चालवून किमान तापमान काढायचं आहे. कॉलेजात असलेल्या संगणकांवर ते होणार नाही. बातम्या वाचल्या तर वाटतं पैशाचा पूर आलाय. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याला 'अर्का' आणि नोएडाला 'अरुणिका' हे ८५० कोटींचे महासंगणक आले, त्याच महिन्यात मिशन मौसमला २००० कोटी मंजूर झाले, राष्ट्रीय महासंगणन अभियान तर २०१५ चं, आणि वर संशोधनाला निधी देणारं अनुसंधान प्रतिष्ठान. यातलं खान्देशातल्या साध्या कॉलेजच्या मास्तरापर्यंत काय येतं? अर्कावर बाहेरच्याला वेळ मिळतो का? प्राचार्यांचं म्हणणं, 'सर, मोठा प्रस्ताव टाका, एक महासंगणकच मागा.' मला ते पटत नाही, पण मग काय मागायचं तेही ठरत नाहीये.

---

घाटावरचा

अर्का विसरा. रोजचा अंदाज काढायला आहे ते यंत्र. बाकी जाणकार येतीलच. वाचनखूण.

---

ढगांचा_हिशोब

पुण्यात मॉडेलिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशाचा पूर कुठे वाहतो ते. मिशन मौसम राबवणाऱ्या मुख्य संस्था तीन : हवामान विभाग, पुण्याची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आणि नोएडाचं मध्यम पल्ला अंदाज केंद्र. रडार, उपकरणं, महासंगणक हे सगळं त्यांच्यामार्फत. अर्का ११.७७ पेटाफ्लॉप्सचं (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज आकडेमोडी) आणि अरुणिका ८.२४ पेटाफ्लॉप्सचं, ही दोन्ही पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची कामाची यंत्रं आहेत. मे २०२५ मध्ये आलेली ६ किमी जाळीची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' त्याच जोरावर उभी आहे. आधीचं जागतिक मॉडेल १२ किमीचं होतं. जाळी निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि काळाचा टप्पाही निम्मा करावा लागतो, म्हणजे काम आठपट. एवढ्या पैशाचं कारण हे आहे. तुम्ही परस्पर अर्ज करून तिथे शिरणार नाही. आयआयटीएममधला एखादा शास्त्रज्ञ तुमचा सहसंशोधक असेल, तर गोष्ट वेगळी.

आता तुमच्या विषयाकडे. सर, राग मानू नका, पण १ किमी कशाला? ३ वरून १ वर गेलात तर काम २७ पट वाढतं आणि तुमची मूळ अडचण तशीच राहते. वारा पडलेल्या थंड रात्री जमिनीलगतचा थर इतका स्थिर होतो की भली भली मॉडेल्स तिथे चुकतात. चूक जाळीत कमी आणि जमिनीत जास्त असते : मातीत ओल किती धरलीय, मॉडेलला तिथे केळीची ओलिताची बाग दिसते की कोरडवाहू काळी जमीन. डब्ल्यूआरएफमधला जमीन-वापराचा तयार नकाशा उघडून रावेरवर नजर टाका, करमणूक होईल. इस्रोच्या एनआरएससी केंद्राचे जमीन-वापराचे नकाशे घालून बघणं हाच एक चांगला शोधनिबंध आहे.

३ किमी जाळी, २०० गुणिले २०० चौकोन, ४८ तासांचा अंदाज. एवढं ३२ कोअरचा एक बरा सर्व्हर दोन-तीन तासांत काढतो. म्हणजे रोजचा अंदाज कॉलेजच्या एका खोलीतून निघू शकतो. महासंगणक लागेल तो प्रयोगांना. समजा मागच्या वर्षांतल्या ३० थंडीच्या लाटा निवडल्या आणि प्रत्येक लाट जमिनीच्या आणि सीमाथराच्या (जमिनीलगतच्या हवेच्या थराच्या) १५ वेगवेगळ्या मांडण्यांत चालवली. झाले ४५० रन, प्रत्येकी ३२ कोअर आणि तीन तास धरले तर साधारण ४३ हजार कोअर-तास. तुमच्या सर्व्हरवर यात दीड-दोन महिने जातील, मोठ्या यंत्रावर एक दुपार. प्रस्तावात हा आकडा लिहा. 'महासंगणक हवा' असं वाक्य वाचून तज्ज्ञ समिती पान उलटते. '४३ हजार कोअर-तास हवेत आणि ते असे निघाले' हे वाचून थांबते.

हे तास महासंगणन अभियानाच्या यंत्रांवर मागा. ४५०० कोटींचं ते अभियान माहिती-तंत्रज्ञान मंत्रालय आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचं. राबवतात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था आणि बंगळूरची आयआयएससी. पुण्यात आयसरला परम ब्रह्म हा महासंगणक आहे, सी-डॅकची स्वतःची सुविधा आहे. बाहेरच्यांना प्रकल्पाच्या नावाने खातं मिळतं. शुल्क लागत असेल तर ते खर्चाच्या तक्त्यात धरा. समांतर संगणनाची सवय नसेल तर अभियानाची प्रशिक्षण केंद्रं खरगपूर, मद्रास, गोवा आणि पालक्काडच्या आयआयटींत आहेत. एमएस्सीच्या एखाद्या हुशार पोराला पाठवून द्या.

आणि विदा (डेटा). हवामान विभागाचा तापमानाचा जाळीबद्ध संच एक अंशाचा आहे, अख्खा खान्देश त्याच्या मोजक्या चौकोनांत संपतो. तुम्हाला तो निरुपयोगी. नोएडाच्या केंद्राने ब्रिटिश हवामान कार्यालयासोबत केलेलं आयएमडीएए हे पुनर्विश्लेषण (जुन्या नोंदी मॉडेलमध्ये घालून मागचं हवामान पुन्हा मांडलेला संच) १२ किमीचं आहे, १९७९ पासूनचं, फुकट. सुरुवात तिथून करा. युरोपीय हवामान केंद्राचं ईआरए५ हे तसंच पुनर्विश्लेषण सोबतीला ठेवा.

---

चोपडेकर

सर, थंडीचं काम चांगलंच शे, करा. पण आमचं खरं नुकसान मे-जूनच्या वाऱ्याने होतं. चरका लागला तर बाग उशिरा येते, भाव पडतो. वादळ आलं तर निसवलेली बाग रात्रीतून आडवी. शेवरी लावतो, गजराज गवत लावतो, पट्ट्या बांधतो, तरी घडाच्या वजनाने खोड मोडतंच. वारं कव्हय ई तेवढं सांगा, बाकीनं आम्ही दखी लेसूत.

आणि एक. आमच्या मंडळाचं केंद्र एका भिंतीला खेटून शे, शेजारी पत्र्याची शेड. तिथला पारा खाली उतरतच नाही. विम्याला तोच आकडा लागतो. तुमचा महासंगणक त्या पत्र्याचं काय करणार?

---

पायथन_पाटील

एआयच्या काळात अजून डब्ल्यूआरएफ? :) २०२५ च्या पावसाळ्यात कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या ३.८ कोटी शेतकऱ्यांना पाऊस कधी लागणार याचे एसएमएस पाठवले. ते गूगलचं न्यूरल-जीसीएम आणि युरोपीय केंद्राचं एआयएफएस ही एआय मॉडेल्स वापरून केलेलं काम होतं. महासंगणक नको, जीपीयू (एआय चालवायच्या चिप) हवेत. इंडिया-एआय मिशनमध्ये (मार्च २०२४ ची मंजुरी, दहा हजार कोटींच्या वर) सवलतीच्या दरात जीपीयू मिळतात, विद्यार्थी-संशोधकांनाही. सरांनी तिकडे अर्ज टाकावा.

---

ढगांचा_हिशोब

पाटील, मॉन्सूनचं आगमन हा शेकडो किलोमीटरचा मामला आहे, तिथे ही मॉडेल्स उत्तम चालली, मान्य. पण एआयएफएसची जाळी पाव अंशाची, म्हणजे २५-२८ किमीची. त्यात सातपुड्याचा पायथा आणि तापीचं पात्र एकाच चौकोनात बसतात. ती शिकलीत ईआरए५ वर, आणि ईआरए५ ला सरांच्या गावचा सखल भाग ठाऊकच नाही. जीपीयू कितीही स्वस्त मिळाला तरी शिकवायला तिथलीच नोंद लागते.

चोपडेकरांनी मात्र मर्मावर बोट ठेवलंय. मंडळाच्या केंद्रांची मागची मोजमापं हातात घेऊन, ६ किंवा १२ किमीच्या अंदाजाला प्रत्येक केंद्रासाठी स्वतंत्र दुरुस्ती लावायची, हे काम लॅपटॉपवर होतं. बऱ्याचदा १ किमीच्या मॉडेलपेक्षा चांगलं उत्तर देतं. पण केंद्र भिंतीला खेटून असेल तर तुम्ही भिंतीचा अंदाज काढाल. म्हणून प्रस्तावात आठ-दहा स्वतःचे तापमापक मागा, झडपांच्या पांढऱ्या पेटीतले, उघड्या जागी, दीड-दोन मीटर उंचीवर. निम्मे पायथ्याला, निम्मे नदीकाठी. समितीला हे आवडेल, कारण असा खर्च दाखवणारे कमी असतात.

वाऱ्याचं काम वेगळं. मे-जूनचं वादळ म्हणजे गडगडाटी ढगातून खाली कोसळणारी हवा, तासा-दोन तासांचा खेळ. त्याला रडार लागतं. ते एका कॉलेजचं काम नाही. थंडीत मिसळू नका.

---

निवृत्त_विभागप्रमुख

तांत्रिक बाबी वर आल्याच. मी कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण प्रस्ताव बहुधा तिथेच मरतात.

सर, तुमच्यासाठी टेअर ही योजना बघा, शिक्षक सहयोगी संशोधनाची. पूर्वी एसईआरबी हे केंद्राचं संशोधन-निधी मंडळ चालवायचं, आता ते २०२३ च्या कायद्याने झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झालंय. राज्य विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या कायम शिक्षकांसाठीच ती आहे. राष्ट्रीय पातळीवरच्या एखाद्या संस्थेत वर्षाला निदान ९० दिवस जाऊन काम करायचं, नोकरी आपली तशीच. तीन वर्षं, वर्षाला ५ लाख संशोधन निधी, तो तुमच्या आणि यजमान संस्थेत निम्मा-निम्मा, शिवाय तुम्हाला ६० हजारांची वार्षिक वृत्ती. यजमान म्हणून आयआयटीएमचा विचार करा. ती मिळाली तर अर्काचा प्रश्न आपोआप दुसऱ्या दारातून सुटायला लागतो. योजनेची हाक सुटली की अटी नव्याने वाचा, आकडे बदलतात. त्याआधी यजमान शास्त्रज्ञाचं संमतीपत्र हातात हवं. हाक सुटल्यावर पत्र मागायला गेलात की सगळेच तिथे रांगेत असतात.

९० दिवस उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीत भागवता येतील, पण प्राचार्यांकडून तसं लेखी घ्या. तोंडी 'जा की' म्हणणारे प्राचार्य परीक्षेचं काम लागलं की वेगळे होतात. दरवर्षीचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो. लेखापालाशी आधीच बसा, चहा पाजा.

अवांतर : १९८९ मध्ये दिल्लीच्या हवामान केंद्राला अमेरिकेने क्रे एक्स-एमपी हा महासंगणक दिला, त्याहून मोठा नाकारला. १९८८ ला पुण्यात सी-डॅक निघालं आणि १९९१ ला भटकरांच्या गटाने परम ८००० उभा केला. आम्ही तेव्हा जळगावला फोरट्रानचे तास घ्यायचो, फळ्यावर. संगणक पोरांना चित्रात दाखवायचा.

---

सुकीकाठ

सगळ्यांचे आभार, विशेषतः ढगांचा_हिशोब आणि निवृत्त सरांचे.

ठरवलं ते असं. १ किमीचा नाद सोडला. आयएमडीएए उतरवायला घेतोय. मंडळ केंद्रांच्या नोंदी कृषी कार्यालयाकडे रीतसर मागतो. पुण्याला दोन शास्त्रज्ञांना पत्र लिहितोय, एक सीमाथरावर काम करणारे, एक अंदाजाच्या दुरुस्तीवर. टेअर मिळो न मिळो, तापमापकांचा भाग कॉलेजच्या छोट्या निधीतूनही सुरू होईल असं वाटतं. प्राचार्यांना ४३ हजार कोअर-तासांचा हिशोब दाखवला. म्हणाले, 'एवढंच?' जरा हिरमुसले.

चोपडेकर भाऊ, ते भिंतीजवळचं केंद्र कुठलं ते मला व्यक्तिगत निरोपात कळवाल का? पहिला तापमापक त्याच्याच शेजारी, उघड्या शेतात लावायचा विचार आहे. एक हिवाळा दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघू.

अजून एक शंका आहे. तापमापक शेतकऱ्याच्या बागेत लावायचा तर केळीच्या ओळीत की बांधावर? बागेतली हवा दमट, बांधावरची कोरडी.

---

ढगांचा_हिशोब

दोन्हीकडे. बांधावरचा मॉडेलशी ताडायला, बागेतला चरका समजून घ्यायला. दोन्ही एकाच कंपनीचे घ्या आणि लावण्याआधी आठवडाभर एकाच पेटीत ठेवून त्यांचा आपसातला फरक लिहून ठेवा.

---

चोपडेकर

निरोप धाडला सर. माझ्याच बांधावर लावा, राखणीला मी शे.