डबल मार्करमधलं पॅप-ए, १.१ आणि ३४०० एवढा फरक कसा काय?

चोपडेकर_पाटील
नमस्कार मंडळी, बायकोला १२ आठवडे ३ दिवस झाले तेव्हा डबल मार्कर (बाळात डाऊन सिंड्रोमसारख्या दोषाचा धोका किती ते सांगणारी रक्ततपासणी) केली, चोपड्याहून सॅम्पल मुंबईला गेलं होतं. त्यात रक्तातली दोन द्रव्यं मोजतात, रिपोर्टात पॅप-ए १.१ मिली आययू पर एमएल, फ्री बीटा एचसीजी ४२ नॅनोग्रॅम पर एमएल. माझी बहीण धुळ्याला असते, तिचं १३ आठवड्यांचं पॅप-ए ३४०० आलेलं, बीटा ३८ आययू पर लिटर. एवढा फरक बघून घरात सगळ्यांना टेन्शन येऊन राहिलं. आमच्या रिपोर्टात खाली एमओएम पॅप-एचं ०.३८ आणि बीटाचं १.०५ लिहिलंय, डाऊन सिंड्रोमची रिस्क १:१४५०, लो रिस्क. सोनोग्राफी नॉर्मल आहे. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे.

लॅबवाली_ताई_जळगाव
दादा आधी युनिट बघा. बहिणीचं मिली आययू पर लिटरमध्ये असणार, तुमचं पर एमएल. १००० ने गुणायचं, म्हणजे तुमचं ११००. बीटाला तर काही करायचंच नाही, १ नॅनोग्रॅम पर एमएल म्हणजे १ आययू पर लिटर धरतात, ४२ आणि ३८ जवळपास सारखंच.
पण ११०० आणि ३४०० पण एकमेकाला लावून बघू नका. पॅप-ए या दिवसात भराभर वाढतं, बीटा उलट कमी होत जातं, त्यात मशीन वेगळी, वजन वेगळं. म्हणून एमओएम बघायचं, तेवढ्याच दिवसांच्या बायांमधल्या मधल्या आकड्याच्या किती पट ते. १ म्हणजे बरोबर मधोमध. फॉर्मवर वजन, बाळाची लांबी आणि तारीख बरोबर आहे का तेवढं तपासा, खरं वजन जास्त आणि लिहिलेलं कमी असेल तर एमओएम उगाच कमी येतं. चुकलं असेल तर परत रक्त लागत नाही, लॅब नुसता हिशोब नवा करून देते.

भुसावळची_आई
माझं पॅप-एचं एमओएम ०.३६ होतं. पॅप-ए वारेतून (प्लॅसेंटातून) येतं, कमी आलं म्हणजे बाळात दोष आहे असं अजिबात नाही, आणि तुमची ती रिस्क कमीच आलीय, जास्त रिस्क धरायचा कटऑफ बहुतेक ठिकाणी १:२५० असतो. पण "लो रिस्क" वाचून रिपोर्ट कपाटात टाकू नका हं! इंग्लंडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या गाईडलाईनमध्ये ०.४१५ च्या खाली असेल तर बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवा म्हणतात, बीपी वाढायची शक्यता पण थोडी जास्त असते. मला डॉक्टरांनी पुढे वाढीच्या सोनोग्राफ्या डॉपलरसकट (त्यात रक्तप्रवाह बघतात) लावल्या. ॲस्पिरिनचं मुद्दाम विचारा, २०१७ च्या मोठ्या अभ्यासात जास्त धोक्याच्या बायांना रात्री १५० मिलिग्रॅम दिली तर ३७ आठवड्यांच्या आतला प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणातला बीपी वाढायचा आजार) निम्म्याहून कमी झाला, पण ती १६ आठवड्यांच्या आत सुरू करावी लागते, आणि सगळ्यांना लागत नाही, मनानं तर अजिबात देऊ नका.

चोपडेकर_पाटील
ताई दोघींचे आभार. फॉर्म काढून बघितला, वजन आणि तारीख बरोबर आहे, म्हणजे ०.३८ खरंच धरायचं. सोमवारपर्यंत थांबत नाही, उद्याच फोन करून ॲस्पिरिन आणि पुढच्या सोनोग्राफीचं विचारतो.

लॅबवाली_ताई_जळगाव
हो, आणि जाताना बीपी मोजून घ्या, रिपोर्टाची दोन्ही पानं न्या, खालच्या बारीक टाईपात युनिट आणि वजन असतं.