घटसर्प : म्हशीचा की माणसाचा?

दावणीवाला :
शाळा उघडली त्याच आठवड्यात आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन सूचना शेजारी शेजारी लागल्या. एक पशुवैद्यकीय दवाखान्याची : ‘शनिवारी सकाळी घटसर्प व फऱ्या लसीकरण. जनावरे दावणीलाच बांधून ठेवावीत.’ दुसरी आरोग्य उपकेंद्राची : ‘सोमवारी शाळेत धनुर्वात-घटसर्प लसीकरण. १० व १६ वर्षांच्या मुलामुलींनी हजर राहावे.’ आजीने चष्मा लावून दोन्ही वाचल्या आणि पुतणीला सोमवारी घरीच ठेवणार असं जाहीर करून टाकलं. ‘म्हशीची सुई पोरीला टोचायची नाही.’ तिला समजावायला गेलो आणि माझंच अडलं. हा रोग एकच आहे का? नसेल तर नाव एकच कसं? आणि घटात हा साप कुठून आला?

गोठाफेरी :
जनावरांचा डॉक्टर आहे, म्हणून आधी गोठ्याची बाजू. आमचा घटसर्प वेगळा. पाश्च्युरेला मल्टोसिडा नावाचा जिवाणू, आपल्याकडे त्याचा ‘बी’ प्रकार. गाईबैलांना होतो, पण म्हशीला फार जड जातो. जनावर एकाएकी रवंथ सोडतं, ताप १०५-१०६ वर चढतो, लाळ गळते आणि गळ्याखालून पोळीपर्यंत, म्हणजे मानेखालच्या लोंबत्या कातडीपर्यंत, सूज उतरते. श्वासाची घुरघुर अंगणात ऐकू येते. सकाळी फोन आला आणि चार ठिकाणं करून मी दुपारी पोचलो, तर कित्येकदा पंचनामाच करावा लागतो. इतकी घाई असलेला रोग माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

जंतू दर वेळी बाहेरूनच येतो असंही नाही. धडधाकट जनावराच्या नाकाघशात तो मुक्कामाला असतो. पहिला पाऊस, ओला गोठा, उन्हाळ्याने खंगलेलं अंग, वर औताची ओढ, की उचल खातो. एका जनावराला झाला की दावणीतली बाकीचीही जातात. म्हणून लस मे महिन्यातच टोचून घ्यायची, दरवर्षी. तुमच्याकडे शाळा उघडल्यावर टोचताहेत म्हणजे उशीरच झालाय, पण शनिवार चुकवू नका. ही लस पुण्यात औंधला पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. ती पोरीला कोणी टोचणार नाही, आजींना माझ्याकडून सांगा.

बोलण्यात याला ‘गळसुजी’ही म्हणतात. मला विचाराल तर तेच नाव बरं, कारण त्यात सूज दिसते.

उपकेंद्र_ताई :
आणि आमचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. घशात करडा-पांढरट पापुद्रा येतो, टॉन्सिलला असा चिकटून बसतो की खरवडायला गेलं तर रक्त येतं. श्वासाची वाट अडते ती त्याने. पण खरं काम त्या जंतूच्या विषाचं. ते रक्तातून हृदयावर जातं, नसांवर जातं. घसा बरा दिसायला लागलेलं मूल दुसऱ्या आठवड्यात हृदयाने दगावतं. मानही अशी सुजते की डॉक्टरांच्या पुस्तकात तिला ‘बैलाची मान’ म्हणतात. बघा, तिथेही बैल आलाच!

दावणीवाला दादा, आजींना सांगा की ही लस पोरीने तान्ही असताना घेतलेली आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, मग दीड वर्षाच्या आसपास आणि पाचव्या वर्षी त्रिगुणी. त्या तीन गुणांत घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी पूर्वी नुसती धनुर्वाताची सुई असायची. २०१९ च्या सुमारास तिच्यात घटसर्पाचा भाग घातला, कारण लहानपणीच्या लशीचा जोर वर्षागणिक ओसरतो आणि रोग मोठ्या मुलांत दिसायला लागला होता. आयांना वाटतं, घटसर्प हा तान्ह्या मुलांचा आजार. सोव्हिएत संघ फुटल्यावर तिकडे नव्वदच्या दशकात दीड लाखांवर लोकांना डिप्थेरिया झाला, त्यांत मोठ्या माणसांचा भरणा होता.

जुनीवही :
नावाचं बोलू. माझ्या मते इथे चूक कुणाचीच नाही. ज्याने नाव ठेवलं त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. त्याने म्हशीचा गळा सुजून कोंडताना पाहिला, पोराचा घसा कोंडताना पाहिला, आणि दोन्हीला एकच हाक मारली. ते नाव म्हणजे डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीचं वर्णन होतं, जंतूचा पत्ता नव्हता. हिंदीतही नेमकं हेच झालंय : ‘गलघोंटू’ म्हशीचाही आणि माणसाचाही. दोन भाषांनी स्वतंत्रपणे तोच घोटाळा केला असेल तर त्याला घोटाळा म्हणायला मी तयार नाही.

‘डिप्थेरिया’ तरी कुठे जंतूवरून आलाय? फ्रान्समधल्या तूर गावाच्या ब्रतोनो नावाच्या डॉक्टरने १८२६ मध्ये ग्रीक ‘डिप्थेरा’वरून नाव पाडलं. डिप्थेरा म्हणजे कातडं, चामडं. त्याला पापुद्रा दिसला, आपल्या लोकांना कोंडलेला गळा दिसला. जंतू त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी सापडला : क्लेब्सने १८८३ मध्ये तो पाहिला, लोफ्लरने १८८४ मध्ये वाढवून दाखवला.

आता गंमत. गोठाफेरींनी सांगितलेला पाश्च्युरेला हे पाश्चरचंच नाव. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जंतू त्याच जातीचा, आणि तोच मंद करून पाश्चरने १८७९-८० मध्ये प्रयोगशाळेत पहिली लस केली. त्याच्याबरोबर काम करणारा एमिल रू. पुढे १८८८ मध्ये पॅरिसला रू आणि येरसँ यांनी दाखवलं की डिप्थेरियाचा जंतू घशातच राहतो आणि विष अंगभर पाठवतो. म्हणजे दावणीचा घटसर्प आणि पाळण्याचा घटसर्प मराठीत एका शब्दात भेटले, आणि पॅरिसमध्ये एकाच गुरूच्या मंडळीत. शिवाय तोच येरसँ १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधतो, आणि तो जंतूही पुस्तकांत कित्येक वर्षं पाश्च्युरेला पेस्टिस या नावानेच होता. नंतर येर्सिनिया झाला. त्या प्लेगवर मुंबईत लस करून १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती आधी स्वतःला टोचून घेतली. तोही पॅरिसहूनच आलेला. परळच्या संस्थेला त्याचं नाव आहे.

तर्कटी :
साप मी शोधतो. सुजलेला गळा घड्यासारखा दिसतो, म्हणून घट. आत सापाने वेढा घातल्यासारखा श्वास कोंडतो, म्हणून सर्प. सुटलं की!

जुनीवही :
तर्कटराव, गोष्ट छान आहे, पण पुराव्याशिवाय रचलेली व्युत्पत्ती म्हणजे आमच्या धंद्यातली भेसळ. एवढंच खात्रीने म्हणता येतं की ‘सर्प’च्या मुळाशी ‘सृप्’ हा धातू आहे, सरपटणं, पसरणं. आयुर्वेदात ‘विसर्प’ नावाचा रोग आहे, अंगावर लाली पसरत जाते तो. त्यातही साप नाही, पसरणं आहे. रोगाच्या नावात ‘सर्प’ आला की लगेच फणा शोधू नये.

शुद्धिपत्र :
विषय निघालाच आहे तर एक विनंती. फळ्यावर ‘लसीची नोंद’, ‘लसीचा डोस’ लिहितात. लस हा साधा मराठी स्त्रीलिंगी शब्द, तो म्हशीच्या वाटेने जातो. म्हैस–म्हशी, तशी लस–लशी. म्हशीला आपण ‘म्हैसीला’ म्हणत नाही ना?

उपकेंद्र_ताई :
शुद्धिपत्र काका, नोंदवही भरताना रांगेत साठ मुलं रडत असतात, तेव्हा तुम्ही या म्हैस घेऊन.

जुनीवही :
काका बोलण्यातलं सांगताहेत आणि ते बरोबर आहे, पण आता दोन्ही रूपं चालतात. ‘लसीकरण’ मात्र जोडकाम आहे, संस्कृत थाटाची शेपटी लावलेलं. लशीचा मूळ अर्थ अजून जिवंत आहे : खरचटलं की जखमेतून जे पाणी झिरपतं त्याला आई ‘लस येतेय’ म्हणायची. संस्कृतात ‘लसीका’ आहे, चरकात कुष्ठाच्या संदर्भात त्वचा, मांस, रक्त यांच्या बरोबरीने येते. देवी रोगाच्या काळात गाईच्या देवीच्या फोडातलं किंवा टोचलेल्या मुलाच्या दंडावरच्या फोडातलं पाणीच पुढच्याला टोचत. ती लस शब्दशः लस होती. मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला टोचली, ती भारतातली पहिली. आज बाटलीत जे असतं ते फोडातलं पाणी नव्हे, शब्द मात्र तोच. इंग्रजांच्या ‘व्हॅक्सिन’मध्ये तर थेट गाय आहे, लॅटिन ‘वाक्का’. १८८१ मध्ये पाश्चरनेच सुचवलं की देवीची लस काढणाऱ्या जेनरच्या मानासाठी हा शब्द देवीपुरता न ठेवता सगळ्यांनाच लावावा. आजींना सांगा, सुईच्या नावातच गोठा आहे, घाबरायचं काय!

काचपट्टी :
प्रयोगशाळेतून एक खोडा घालतो, रागावू नका. वर ‘रोग वेगळे, जंतू वेगळे’ इथवर सगळं ठीक. पण ‘जनावराचा माणसाशी काही संबंध नाही’ असं सरसकट फळ्यावर लिहू नका. म्हशीचा घटसर्प माणसाला होत नाही, बरोबर. पाश्च्युरेला माणसाला गाठतो तो बहुधा कुत्र्यामांजराच्या चाव्यातून, आणि जखम चिघळते. मात्र डिप्थेरियाच्या जंतूचा एक भाऊ आहे, कॉरिनेबॅक्टेरियम अल्सरन्स. तो गाईत राहतो, कुत्र्यामांजरातही सापडतो, तेच विष करू शकतो आणि न तापवलेल्या दुधातून माणसात येऊन हुबेहूब डिप्थेरियासारखा पापुद्रा देऊ शकतो. क्वचित, पण येतो.

आणि ताईंना पुस्ती : ही लस विषाविरुद्ध आहे. विष फॉर्मलिनने आणि उबेने निर्विष करायचं, ओळख पटण्यापुरता त्याचा आकार ठेवायचा, ही रामों या फ्रेंच शास्त्रज्ञाची १९२० च्या दशकातली युक्ती. त्यामुळे लस घेतलेल्याच्या घशातही जंतू राहू शकतो, त्याला काही होत नाही, तो फक्त वाहक असतो. पुढच्या घरात लस न घेतलेलं मूल असेल तर निभाव लागत नाही. साथ आली की आम्ही आजाऱ्याइतकाच त्याच्या घरच्यांच्या घशाचा बोळा तपासतो तो यासाठी.

तर्कटी :
मग सरळ करा की. घटसर्प जनावरांना द्या, माणसाला डिप्थेरिया म्हणा. भांडण मिटलं.

गोठाफेरी :
मला चालेल. माझ्या शेतकऱ्याला जनावरांच्या घटसर्पाचं इंग्रजी नाव ‘हेमोरेजिक सेप्टिसिमिया’ म्हणालो तर तो म्हशीआधी मला पाणी पाजेल.

जुनीवही :
मला नाही चालणार. लसीकरणाच्या कार्डावर कित्येक घरांत ‘घटसर्प’ छापलेलं आहे, ते कसं पुसाल? रोगाची नावं अशी हुकमाने हलत नाहीत, आणि हलली की नवा गोंधळ होतो. ‘विषमज्वर’ बघा. वैद्यांचा विषमज्वर म्हणजे चढउतार होणारा, येऊन-जाऊन ताप, आजच्या भाषेत बहुधा हिवताप. मराठी सरकारी कागदांत मात्र तोच शब्द टायफॉइडला बसला. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस दिली. सार्वजनिक पातळीवर तशी मोहीम जगात पहिलीच. समजा, तिथल्या एखाद्या जुन्या वैद्याने ‘विषमज्वराची लस’ वाचून विचारलं असतं की हिवतापाची लस आली का, तर कोणत्या तोंडाने हसणार होता? माझं म्हणणं, शब्द ठेवा आणि आधी मालक लिहा. ‘जनावरांचा घटसर्प’, ‘माणसांचा घटसर्प’.

दावणीवाला :
मंडळी, काल खडू घेऊन गेलो. सरपंचांना विचारून एका सूचनेत ‘जनावरांचा’ आणि दुसरीत ‘मुलांचा (डिप्थेरिया)’ घातलं. ‘लसीकरण’ तसंच ठेवलंय, शुद्धिपत्र काका माफ करा. आजीला पॅरिस-बिरिस काही सांगितलं नाही. बैलाची मान तेवढी सांगितली. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, तिच्या माहेरी शेजारच्या घरातलं पोर असंच घसा बंद होऊन गेलं होतं, तेव्हा सगळे घटसर्पच म्हणाले होते. पुतणी सोमवारी जाणार आहे. म्हशी शनिवारी.

फक्त आता फऱ्याचं विचारतेय. तो कुणाचा?

गोठाफेरी :
तो गोठ्याचाच. फरा म्हणजे जनावराचा मांडीकडचा भाग. तिथे सूज येते, दाबली की चरचर वाजते, जनावर एक पाय धरून लंगडतं, म्हणून ‘एकटांग्या’ही म्हणतात. जंतू क्लॉस्ट्रिडियम, धनुर्वाताच्या नात्यातला. शनिवारी आजींनाच म्हशीजवळ उभं करा. म्हैस ओळखीच्या माणसाजवळ हलत नाही, माझी सुई वाचते.