मदत हवी आहे : नागपुरात खोली करून राहणाऱ्या आदिवासी मुलामुलींच्या जेवणाचं काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात एका कॉलेजात शिकवते. रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या समाजभवनात गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि इकडे रामटेक-पारशिवनीकडची गोंड, माडिया, कोलाम मुलंमुली अभ्यासाला जमतात. नर्सिंग, आयटीआय, बीए, पोलीस भरती, सगळं आहे. अभ्यास बरा चाललाय. जेवणाचं मात्र काही खरं नाही, त्यासाठी हा धागा.

सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही की आदिवासी विकास विभागाच्या स्वयं योजनेचा आधार असतो. २०१६ च्या त्या योजनेत नागपूरसारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले : भोजनाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. म्हणजे जेवायला दिवसाला ८७-८८ रुपये. वसतिगृहांतही २०१८ पासून शहरांत खानावळीऐवजी पैसे थेट खात्यात देण्याची पद्धत आली. त्याविरुद्ध त्या वर्षी जुलैत विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले होते, आठवत असेल. त्यांचं म्हणणं मला आता रोज पटतं. खात्यात पडलेला पैसा ताटात येईलच असं नाही. आधी खोलीभाडं जातं, मग किराणावाल्याची उधारी, आणि घरी आई आजारी असेल तर पोरगी स्वतःचा डबा बंद करून पैसे गावी पाठवते. मग सकाळी तर्री पोहे, रात्री मॅगी.

दुसरी अडचण मला जास्त छळते. मध्यंतरी एका संस्थेच्या ताई पोषणावर बोलायला आल्या. मनापासून बोलल्या. पण तक्त्यावर सफरचंद, बदाम, ब्रोकोली, दुधाचा ग्लास. भामरागडकडची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, यातलं तं आमच्या घरी काईच नाई. मंग आमी इतके दिवस काय खाल्लं?" मी फळा पुसला आणि म्हटलं, तूच सांग. कोसरी या भरडधान्याचा भात, अंबाडीची भाजी, तरोटा, कुड्याची फुलं, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, पावसाळ्यातल्या सात्या म्हणजे रानअळंबी, नदीचे मासे, खेकडे, मोहफुलं. बाकीचे एकेक जोडत गेले आणि फळा अपुरा पडला. ही मुलं अडाणी म्हणून नीट जेवत नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो फळा बघायला हवा होता. जंगल, नदी आणि आईची चूल मागे राहिली, आणि इथे त्यांच्या जागी काय ठेवायचं हे कोणी सांगितलं नाही.

त्यातही खोलीवर सुकट भाजली की घरमालक खोली खाली करायला सांगतो. म्हणूनच दोन मुली महिनोन्‌महिने वरण-भात आणि बटाट्यावर आहेत. मुलांना तर चूल कधी पेटवायची वेळच आलेली नाही. शिकायची तयारी मात्र आहे.

मला हवी असलेली मदत :

कोसरी किंवा कुटकी नागपुरात रास्त भावात कुठे मिळेल? दुकानांतली सुंदर पाकिटं आमच्या आवाक्यातली नाहीत.

एक शेगडी, एक कुकर आणि एवढ्या पैशांत आठवडा कसा काढायचा? कोणी केलं असेल तर सांगा.

काही मुलींचं एचबी (हिमोग्लोबिन) कमी आहे. काही घरांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. लोहाच्या गोळ्या सरसकट वाटल्या तर चालतील का? याचं उत्तर कृपया जाणकारांनीच द्यावं.

रेशनकार्ड गावी आहे. त्याचा इथे काही उपयोग होतो का?

वैनगंगाकाठ :

ताई, मी धानोऱ्याकडचा, मीही असाच खोलीवर राहून शिकलो. कोसरी नागपूरच्या बाजारात शोधत बसू नका. गावाकडून एसटीने मागवा. दिवाळीनंतर नवीन माल निघतो, चार-पाच घरांनी मिळून पोतं पाठवलं तर दुकानापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, आणि पैसाही गावातच राहतो. वाळवलेले वास्ते आणि अंबाडी त्याच पोत्यात येतात. भाजीसाठी कॉटन मार्केटला सकाळी लवकर जावं, दोघा-तिघांनी मिळून घ्यावं. ९ ऑगस्टच्या आसपास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव असतात, तिथे गावाकडच्या बचतगटांच्या बाया भेटतात. त्यांचे नंबर घेऊन ठेवा, पुढे वर्षभर कामी येतात.

सुकटीचं घरमालकाला समजावणं अवघड आहे. आम्ही ज्याच्या गच्चीवर चालायचं त्याच्याकडे भाजून, कुटून डब्यात भरून ठेवायचो. भातावर चमचाभर घेतली की झालं. वास एकदाच येतो.

आहारतज्ज्ञ_नागपूर :

गोळ्यांचं आधी सांगते. सरसकट वाटू नका. सिकलसेलचा आजार असलेल्यांचं एचबी कमी असतं ते मुख्यतः लाल पेशी लवकर फुटतात म्हणून. त्यांना लोह कमी असेलच असं नाही, आणि गरज नसताना दिलेलं लोह शरीरात साचू शकतं. स्वतःला आजार नसलेल्या, नुसत्या वाहकाला मात्र इतरांसारखीच लोहाची कमतरता होऊ शकते. म्हणून आधी तपासणी. मेडिकल, मेयो, डागा या सरकारी दवाखान्यांत सिकलसेलची तपासणी होते. रिपोर्ट बघून गोळी डॉक्टरच ठरवतील. आजार असलेल्यांनी पाणी भरपूर प्यावं, नागपूरच्या उन्हात तर फारच.

आता ताट. तुमचा फळा हाच तक्ता करा, बदाम पुसलेलेच बरे. दूध परवडत नसेल तर नाचणी : १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. काट्यासकट खाल्लेली सुकी मासळीही कॅल्शियम देते. मुनग्याचा (शेवग्याचा) पाला कुणाच्या अंगणात असेल तर मागून आणा, नागपुरात तो कोणी नाही म्हणत नाही. अंडी, फुटाणे, शेंगदाणे, जवसाची चटणी यांना चूल फारशी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळा, हंगामात आवळा, पेरू, संत्री खा, त्याने लोह अंगी लागतं. आणि जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकला. हे फुकट होतं आणि फरक पडतो.

मुलांनाही चुलीपाशी घ्या. स्वयंपाक मुलीच करणार असतील तर दमूनभागून त्याच आधी उपाशी झोपतील.

आणखी एक वाचक, रेशनविषयी :

'एक देश एक रेशन कार्ड'खाली कार्ड गावी असलं तरी नागपुरातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात आधार आणि अंगठा लावून धान्य उचलता येतं. आपल्या वाट्याचं इथे घ्यावं, उरलेलं घरचे गावी घेतात. मुख्य अट म्हणजे कार्डावर मुलाचं नाव आणि आधार जोडलेलं हवं. बऱ्याच ठिकाणी अडतं ते इथेच. गावी जातील तेव्हा आधी तेवढं तपासून घ्या म्हणावं.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. पोत्याची गोष्ट कोरची आणि एटापल्लीच्या मुलांना सांगितली, त्यांनी लगेच घरी फोन लावले. तपासणीसाठी मुलींना गटाने घेऊन जाते, एकटीला रांगेत उभं राहायला संकोच वाटतो. कार्डावरची नावं तपासायची यादीही सुरू केली आहे.

रविवारी सगळ्यांनी मिळून स्वयंपाक शिकायचा, तर आता अडलंय ते जागेचं. समाजभवनात शेगडी लावायला परवानगी नाही. मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा या बाजूला रविवारी दोन-तीन तास स्वयंपाकघर वापरू देईल असं कोणी आहे का? सुकट भाजलेली चालायला हवी, हे आधीच सांगते. गॅसचा खर्च आम्ही देऊ, भांडी घासून, ओटा पुसून जाऊ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा किंवा इथेच लिहा.