मदत हवी आहे: प्रत्येकाला आपापल्या पातळीवरचं गणित देताना वर्ग एकत्र कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

मी सहावीला गणित शिकवते. सध्या अपूर्णांक आणि दशांश चालू आहेत. काही मुलं समच्छेद करून बेरीज भराभर उरकतात आणि पुढचं मागतात. काही अजून २/३ + १/४ = ३/७ लिहितात. मधला मोठा गट रीत बरोबर वापरतो, पण उत्तर १ पेक्षा मोठं येईल की लहान असं आधी विचारलं की गप्प होतो. फळ्यावर एकच उदाहरण सोडवून या सगळ्यांचं भागत नाही. म्हणून टॅबवर पातळीनुसार सराव देणारं एक अ‍ॅप सुरू केलं. मुलं मन लावून काम करतात, एरवी वही उघडायला कंटाळणारीसुद्धा. तरी दोन ठिकाणी गाडं अडलं आहे.

पहिलं म्हणजे अ‍ॅपचा अहवाल. तो मला टक्के सांगतो, कारण सांगत नाही. दशांशांचा लहान-मोठेपणा घ्या. काही मुलांना वाटतं, जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी, म्हणून ०.४५ हे ०.६ पेक्षा मोठं. काहींचं बरोबर उलट असतं: शतांश दशांशापेक्षा लहान असतो, तेव्हा ०.७३ हे ०.४ पेक्षा लहान. चाचणीत दोन्ही प्रकारचे पाच-पाच प्रश्न असले तर या दोन्ही मुलांना १० पैकी ५ मिळतात आणि अ‍ॅप दोघांनाही तोच सराव पुन्हा देतं. खरं तर पहिल्याला शंभर घरांच्या चौकटीवर ०.६ म्हणजेच ०.६० हे दिसायला हवं. दुसऱ्याला सात दशांशांच्या पुढे तीन शतांश कुठे पडतात ते संख्यारेषेवर शोधायला लावायला हवं. गुण सारखेच, उपाय मात्र वेगळे.

म्हणून आता तासाच्या सुरुवातीला मी स्वतः दोन-तीन प्रश्न देते, ज्यांचा प्रत्येक चुकीचा पर्याय एकेका गैरसमजाकडे बोट दाखवतो. ८ + ४ = □ + ५ हा त्यातला माझा आवडता. चौकटीत १२ लिहिणारं मूल बेरजेत कच्चं नसतं, त्याला ‘बरोबर’चं चिन्ह (=) म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असं वाटत असतं. असे प्रश्न तयार करायला फार वेळ जातो. तुमच्यापैकी कोणी धड्यांनुसार असा संच केला आहे का? गुणोत्तर आणि ऋण संख्यांसाठी तर मला तो फारच हवा आहे.

दुसरी अडचण मला जास्त सलते. प्रत्येकजण आपापल्या पडद्यात शिरला की वर्गातलं बोलणं थांबतं. ‘तू असं का केलंस?’ हे मुलं एकमेकांना विचारतात तेव्हाच बरंचसं गणित पक्कं होतं, असं माझं ठाम मत आहे. यावर मला एक वाट सापडली आहे: आठवड्यातून एकदा सगळ्यांना एकच कोडं. १ ते ९ मधले चार वेगवेगळे अंक घेऊन दोन अपूर्णांक बनवा, त्यांची बेरीज १ पेक्षा कमी हवी, पण १ च्या जितकी जवळ जाईल तितकी चांगली. ज्याला जेमतेम जमतं तो १/५ + २/७ मांडतो आणि जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमधल्या संख्यारेषेवर बेरजेचा बिंदू कुठे पडला ते बघतो. पुढची मुलं १/९ + ७/८ = ७१/७२ पर्यंत पोचतात. मग त्यांना विचारायचं, याहून जवळ का जाता येत नाही? (दोन छेदांचा गुणाकार जास्तीत जास्त ७२, म्हणून १ पासूनचं अंतर १/७२ पेक्षा कमी होऊच शकत नाही. हे मुलांनी स्वतः शोधून सांगितलं की फार समाधान वाटतं.) कोडं एकच, पण शिरायला दारं अनेक, आणि शेवटी सगळ्यांना एकाच फळ्यासमोर बोलता येतं. भूमिती आणि बीजगणितासाठी अशी कोडी कोणाकडे असतील तर कृपया इथे द्या.

दोन सूचना वारंवार येतात, त्यांबद्दल आधीच सांगते. ‘मुलांचे दृश्य (बघून शिकणारे), श्राव्य (ऐकून शिकणारे) असे गट करा’ हे नको. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात अशा विभागणीने शिकणं सुधारतं याला पुरेसा आधार मिळाला नाही. चित्र, वस्तू आणि चिन्हं तिन्ही सगळ्यांनाच हवीत. दुसरी सूचना, ‘अ‍ॅपवर सोपवा, त्याने फरक पडतो हे सिद्ध झालं आहे.’ दिल्लीत माइंडस्पार्क हे पातळीनुसार सराव देणारं सॉफ्टवेअर वापरून झालेल्या अभ्यासात (२०१९ मध्ये प्रकाशित) सुमारे साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ प्रमाण विचलनाइतकी (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात याचं हे माप) वाढ दिसली, आणि ती चांगलीच मोठी आहे. पण ती केंद्रं शाळेच्या वेळेबाहेर चालत होती, आणि रोजच्या दीड तासात निम्मा वेळ लहान गटातल्या शिकवणीला होता. माझ्याकडे एक तासिका आहे आणि पाठ्यक्रमही त्यातच पुरा करायचा आहे.

तर विचारायचं ते हे. एका तासिकेत निदान, वेगवेगळा सराव आणि सामूहिक चर्चा यांची वाटणी तुम्ही कशी करता? रोज तिन्ही, की दिवस वाटून? गट गैरसमजानुसार पाडून दर आठवड्याला बदलले तर ‘हुशार’ आणि ‘कच्चे’ असा शिक्का बसणं टळतं का? गटांना नावं कितीही गोड द्या, मुलं ओळखतातच, म्हणून ज्यांनी हे प्रत्यक्ष केलं आहे त्यांचा अनुभव हवा आहे. आणि एका टॅबवर दोघं बसवताना भरभर उत्तर देणाराच बोटं चालवत राहू नये, यासाठी काय करता? सध्या मी एकाने फक्त सांगायचं आणि दुसऱ्याने फक्त करायचं असा नियम ठेवला आहे. संख्यांच्या प्रकरणांत तो चालतो, पण भूमितीच्या आकृत्या काढताना सांगणाऱ्याला शब्द अपुरे पडतात आणि जोडी अडून बसते. तिथे तुम्ही काय करता?