गिटार, साठी आणि काळी चार

प्रेषक: नॉर्थवेस्टचे काका
विषय: या वयात गिटार, कोणाला अनुभव?

मंडळी नमस्कार,
रिटायर झालो, इथे कॅलगरीत बाहेर उणे पंचवीस, आणि मुलगा बेसमेंटमधे टाकून गेलेली गिटार मी वर काढलीये (सौ.चं म्हणणं, काढली ती काढली, आता वाजवू नका). यूट्यूब बघून जी, सी, डी, ई मायनर एवढे कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) येतात, म्हणजे बोटं जागेवर जातात, पण एकावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत गाणं पुढच्या कडव्यात पोचलेलं असतं. एफ तर लागतच नाही. पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायच्या म्हणे, माझ्या निम्म्या ठप्प ठप्प वाजतात आणि बोटांची टोकं सोलवटलीयेत. दुकानातला पोरगा म्हणाला वयस्कर लोकांना नायलॉनच्या तारांचीच बरी. घेऊ का? आणि मला इंग्लिश गाणी नकोत हो, आपली भावगीतं वाजवायचीत, ते इथे कोणी शिकवतं का?

प्रेषक: साउथईस्टचा दादा
विषय: रि: या वयात गिटार

काका, काही घेऊ नका अजून. नायलॉन बोटांना मऊ असतं हे खरं, पण त्या क्लासिकल गिटारची मान वर साधारण 52 मिलिमीटर रुंद असते, तुमच्याकडची स्टीलवाली 43 च्या आसपास असणार, म्हणजे टोकं वाचली तरी ताण वाढला. आधी एक करून बघा, एफचा तोच आकार जसाच्या तसा वर सरकवून पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, त्या फ्रेट) धरा. तिथे बऱ्यापैकी वाजला तर तुमच्या बोटांत काही खोट नाही, मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या नटच्या खाचा उथळ आहेत, त्यामुळे पहिल्या फ्रेटजवळ तार उंच राहते आणि कोणीही दाबली तरी जड जाते. सेटअप करून घ्या, नट घासून देतात, मानेतला रॉड थोडा फिरवतात, आणि तारा 10 गेजच्या, म्हणजे पातळ, टाकायला सांगा, बहुतेक आत्ता 12 असतील.

दुसरं म्हणजे कॅलगरीची हवा. फर्नेस चालू झाली की घरातली हवा इतकी सुकते की लाकूड आकसतं आणि फ्रेट्सची टोकं कडेने बाहेर येतात. मानेच्या कडेवरून हात फिरवून बघा, करवतीसारखं टोचलं तर समजा तहानलेली आहे. गिटारच्या केसमधे ठेवा आणि साबणाच्या डबीला भोकं पाडून ओला पिळलेला स्पंज आत टाका. भिंतीवर टांगू नका, कितीही छान दिसली तरी.

प्रेषक: पेटीवाली वहिनी
विषय: रि: रि: या वयात गिटार

भाऊजी, तुम्ही मंडळात इतकी वर्षं गाताय, मग शून्यापासून सुरुवात केल्यासारखं का करताय? सूर कानात आहे, फक्त पेटीचं गिटारवर आणायचंय. एक कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) घ्या आणि पहिल्या फ्रेटवर लावा. आता सी धरलात की पेटीची काळी एक, डी धरलात की काळी दोन, जी धरलात की काळी चार, ए धरलात की काळी पाच. राहिली काळी तीन, तिला कॅपो दुसऱ्यावर आणि ई धरायचा. झालं, मंडळातल्या सगळ्या गळ्यांची सोय झाली. शिवाय कॅपो लावला की दादा म्हणतोय ती नटची भानगड पण मिटते.

आणि यमन रागातलं गाणं घ्या आधी. सी ला सा धरला तर यमनात तीव्र म, म्हणजे तुमचा तो एफचा कॉर्ड तिथे बसतच नाही, सी, डी, जी, ई मायनर, ए मायनर यांत सगळं भागतं. एक मात्र सांगते, दर शब्दाला कॉर्ड बदलू नका. आपल्या चाली तानपुऱ्यावर उभ्या राहिलेल्या आहेत, तालाच्या आवर्तनाला एक कॉर्ड पुष्कळ झाला, नाहीतर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, चिरडली जाते. उजव्या हाताने नुसता दादरा धरा, अंगठा धा वर, बाकी बोटांनी धी ना.

प्रेषक: साउथईस्टचा दादा
विषय: रि: रि: रि: या वयात गिटार

वहिनी, एफ टाळायला शिकवू नका, शुद्ध मध्यमाचं गाणं आलं की (सी ला सा धरला तर तो म म्हणजे एफच) मग काय?

प्रेषक: पेटीवाली वहिनी

मग जी ला सा धरायचा. त्यात म म्हणजे सी, तो येतो की भाऊजींना! भैरवी असेल तर ई मायनर धरा, ए मायनर, सी आणि डी मायनर जोडीला. ज्याला एफ हवा त्याने खुशाल घासावा.

प्रेषक: डॉक्टर ताई

मधेच बोलते. काका, तुम्हाला शुगर आहे म्हणून सांगते, मधुमेह असलेल्यांना ट्रिगर फिंगर जास्त होतं. सकाळी बोट वाकलेलं राहिलं आणि टक्‌ करून सरळ झालं तर वाजवणं थांबवा आणि दाखवा, सराव वाढवून ते बरं होत नाही. एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटं बास, हवं तर दिवसातून दोनदा. आणि बोटाच्या टोकांना सुन्नपणा असेल तर त्याचं खापर गिटारवर फोडू नका, ते वेगळं प्रकरण असू शकतं.

प्रेषक: नॉर्थवेस्टचे काका

सगळ्यांचे आभार. पाचव्या फ्रेटवर तो आकार चक्क वाजला!! फ्रेट्स पण टोचतायत, साबणाची डबी आजच रिकामी केली, त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. कॅपो आणतो. वहिनी, शनिवारी पेटी घेऊन येता का, गाडी पाठवतो. आणि कार्यक्रम समितीने ही मेल वाचली असेल तर पाडव्याच्या यादीत माझं नाव टाकू नये, मागच्या वेळी नुसतं "बघू" म्हणालो होतो तर सूत्रसंचालन गळ्यात पडलं.