मदत हवी आहे: विद्यापीठाचं भाड्याचं घर घ्यावं का? शुक्रवारपर्यंत कळवायचंय

सायली_०७
दोन वर्षं वेटिंग लिस्टवर होतो, आज नंबर लागला. दोन बेडरूमचं अपार्टमेंट, भाडं बाहेरच्यापेक्षा बरंच कमी. पण ईमेलच्या शेवटी एक ओळ आहे, की भाड्यातल्या सवलतीचा काही भाग करपात्र उत्पन्न धरला जाऊ शकतो. म्हणजे किती? हाउसिंग ऑफिसला फोन केला तर "टॅक्सवाल्याला विचारा" म्हणाले. शुक्रवारी पाचच्या आत कळवलं नाही तर नाव परत यादीच्या तळाशी. कोणी अशा घरात राहिलंय का? लवकर सांगा प्लीज.

गवतफुला
कुठला देश? शिकवता की ऑफिसात आहात? घर कॅम्पसवर आहे का?

सायली_०७
कॅलिफोर्निया, सरकारी विद्यापीठ. कॅम्पसला लागूनच. मी काय करते याने काय फरक पडतो?

दत्ता_पाटील
भाडं भरण्यापेक्षा विकत घ्या. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची मॉर्गेज ओरिजिनेशन प्रोग्राम नावाची कर्जयोजना आहे. माझ्या मेहुण्याने घेतलं, आता निवांत आहे.

गवतफुला
दत्ताभाऊ, ती मुख्यतः अकॅडेमिक सिनेटचे, म्हणजे विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या सभेचे, सदस्य असलेल्या पूर्णवेळ प्राध्यापकांसाठी आहे. आणि त्यांनी विकत घेण्याबद्दल विचारलेलंच नाही.

हिशेबनीस
मूळ प्रश्नाचं उत्तर. अमेरिकेच्या फेडरल कर कायद्यात कलम ११९(ड) आहे, कॅम्पसवरच्या किंवा जवळच्या घरांसाठी. वर्षाचं भाडं घराच्या अप्रेझल किमतीच्या (तज्ज्ञाने ठरवलेल्या किमतीच्या) ५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पगारात काही धरत नाहीत. कमी असेल तर फरक उत्पन्नात जातो. विद्यापीठ तशीच घरं बाहेरच्यांनाही देत असेल, म्हणजे कर्मचारी आणि विद्यार्थी सोडून, तर त्यांच्या भाड्याची सरासरी आणि हे ५ टक्के यांतला कमी आकडा लावतात.
समजा अप्रेझल ४,००,००० डॉलर. ५ टक्के म्हणजे वर्षाला २०,०००. तुम्ही महिना १,५०० भरता, म्हणजे १८,०००. उरलेले २,००० उत्पन्नात. कर त्या २,००० वर, सगळ्या सवलतीवर नाही. बाजारभावाशी तुलना करून लोक उगाच घाबरतात. अप्रेझलचा आकडा तेवढा मागून घ्या.

सायली_०७
देवासारखे धावून आलात! माझं भाडं यापेक्षा जास्तच आहे, म्हणजे फरक शून्य निघू शकतो. लगेच मेल टाकते.

नर्मदा_आजी
अभिनंदन ग पोरी. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त देऊ नकोस. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात बहुतेक घरमालकांना तेवढीच मुभा आहे. माझ्या नातवाकडून दोन महिन्यांचं मागत होते.

पाचोळा
सगळे टॅक्समध्ये अडकलात. नोकरी गेली तर घराचं काय? माझी नेमणूक संपली तेव्हा लेक सहावीत होती. ३० दिवसांत घर सोडावं लागलं, शाळेचं वर्ष अर्धवट. नोकरी आणि छप्पर एकाच हातात देऊ नये. सायली, तुमचं पद कायम आहे का?

सायली_०७
नाही. लॅबमध्ये आहे, पगार ग्रँटमधून. सध्याची ग्रँट पुढच्या जूनपर्यंत. सर म्हणतात मिळेल पुढची.

गवतफुला
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं हो.

दत्ता_पाटील
इतकं काय भ्यायचं? भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा आहे की. २०२० पासून भाडंही वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही.

हिशेबनीस
५ टक्के अधिक महागाई, आणि कमाल १०. पण १५ वर्षांच्या आतल्या इमारती त्यातून बाहेर आहेत आणि विद्यापीठांनी ही घरं कधी कधी हल्लीच बांधलेली असतात. त्या भरवशावर सही नको. लीजमध्ये वाढीचं कलम वाचा.

पाचोळा
आणि हेही लेखी विचारा: ग्रँट संपून ले-ऑफ झाला तर किती दिवस? बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेत काय? दुसऱ्या विभागात गेलात तर? राजीनामा आणि ले-ऑफ यांना एकच मुदत असेल तर वाद घाला.

खडूफळा
अवांतर, पण लिहितोच. कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनला १९८३ मध्ये तिथल्या विद्यापीठाने वेगळी संस्था काढून युनिव्हर्सिटी हिल्स ही घरांची वसाहत वसवायला घेतली. जमीन विद्यापीठाकडेच, घरांच्या फेरविक्रीच्या किमतीवर बंधन. काम उत्तम आहे, पण प्राधान्य प्राध्यापकांना. लॅब सांभाळणारे, मेसमध्ये राबणारे, रात्रपाळीचे सफाई कामगार दीड-दीड तास गाडी चालवून येतात. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत घर बसलं तर ते परवडणारं, असा अमेरिकेत सरकारी मापदंड आहे. तो त्यांना लावून बघा. सायली कर्मचारी असून नंबर लागला याचा मला फार आनंद झाला.

दत्ता_पाटील
प्राध्यापकच मिळाले नाहीत तर विद्यापीठ चालेल कसं?

खडूफळा
आणि कर्मचारी नसतील तर?

सायली_०७
अपडेट. अप्रेझलचा आकडा आला. माझं भाडं ५ टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे करात काहीच नाही. नोकरी संपल्यावर ६० दिवस, राजीनामा असो वा ले-ऑफ. पाचोळा, तुमचं वाचून मी ले-ऑफसाठी शालेय वर्ष संपेपर्यंतची मुदत मागितली. नियम बदलता येत नाही, पण लेखी अर्ज केल्यास विचार करू, असं उत्तर आलं. तो मेल जपून ठेवलाय. होकार कळवला.

पाचोळा
तो मेल घरच्या पत्त्यावर फॉरवर्ड करून ठेवा. नोकरी संपली की ऑफिसचा इनबॉक्स बंद होतो.

मोगरा२२
मीही अशाच यादीत आहे, ४७ वा नंबर. नंबर लागेपर्यंत पद बदललं तर नाव राहतं का? कोणाला माहीत आहे?