पोराच्या उपचारासाठी मुंबईला राहावं लागलं, तर राहण्याचा खर्च कसा उभा केलात? खान्देशवाल्यांनो, अनुभव लिहा

जळगावची_मावशी
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीतल्या भिशीच्या बायकांनी ठरवलंय की यंदा काहीतरी जमवायचं आणि ते मोठ्या आजाराच्या लेकरांच्या आईबापांना राहायला जागा देणाऱ्या संस्थेला द्यायचं. डोक्यात आलं ते आमच्या पोळ्यावाल्या ताईंमुळे. त्यांच्या भाच्याला रक्ताचा कॅन्सर निघाला, जनआरोग्य योजनेतून केमोचं पॅकेज मंजूर झालं, औषधाचं बरंचसं भागलं, आणि बहिणीचं मंगळसूत्र गेलं ते खोलीच्या डिपॉझिटपायी. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या आसपास दहा बाय दहाची खोली मागायला जा, एजंट आधी डिपॉझिट सांगतो, मग भाडं, आणि पोरगं पेशंट आहे कळलं की मालक नाही म्हणतो. मी चार ठिकाणी विषय काढून पाहिला. ऑपरेशनला द्या म्हटलं की लोक खिशात हात घालतात, खोलीभाड्याला द्या म्हटलं की "कोणी नातेवाईक नाही का मुंबईत?" म्हणून तुमच्याकडून ऐकायचंय. जे राहून आलेत त्यांनीही लिहा आणि ज्यांनी पैसे गोळा केलेत त्यांनीही. शुद्धलेखन कोणी तपासणार नाही.

केळीवाली_रावेर
मावशी, नातेवाइकावरूनच सुरू करते. माझा मुलगा लहान होता, बालवाडीत. पाय दुखतात म्हणायचा, अंगावर निळे डाग, ताप जाईना. जळगावच्या डॉक्टरांनी सीबीसी (रक्ताची तपासणी) बघितला आणि घरी पण जाऊ नका सरळ टाटाला जा म्हणून चिठ्ठी दिली. ए.एल.एल. निघाला, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. आम्हाला वाटलं पंधरा दिवस, महिनाभराचं काम. तिथे सांगितलं पूर्ण ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं आणि सुरुवातीचे सहा-आठ महिने तर जवळच राहायचं, गावी जायचं नाव काढू नका. का ते इकडच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, सासूबाई म्हणायच्या सुई झाली ना मग घेऊन ये घरी. अहो केमोनंतर काउंट पडतात, पांढऱ्या पेशी एवढ्या खाली जातात की साधा तापसुद्धा जिवावर बेततो, 100.4 च्या वर गेला की तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. रावेरहून तासाभरात भुसावळ येतं, परळ नाही येत.

नणंदेच्या दिराकडे डोंबिवलीला राहिलो आधी. माणसं चांगली, पण सकाळच्या लोकलमध्ये मास्क लावलेलं टकलं पोर कडेवर घेऊन चढून बघा एकदा. मग भाड्याची खोली, संडास सगळ्या मजल्याला मिळून, त्यात पोराला जुलाब. केळीचा एक घड बाजारात जायच्या आधीच त्याचे पैसे मुंबईत संपलेले असायचे. शेवटी हॉस्पिटलच्या सोशल वर्कर मॅडमनी फॉर्म भरून घेतला आणि एका संस्थेत नंबर लागला, भाडं काहीच नाही. तिथे काय होतं सांगू? स्वच्छ संडास आणि माझी स्वतःची शेगडी. बस. हे दोन लिहून ठेवा, कारण स्टिरॉइड चालू असताना या पोरांना रात्री दोन वाजता भूक लागते, साधीसुधी नाही, रडून मागतात. माझा म्हणायचा वरणबट्टी दे. आता रात्री दोनला हॉटेलची वरणबट्टी कुठून आणू, आणि आणली तरी बाहेरचं चालत नाही. मी उठून कणीक मळायची, बट्ट्या उकडून तुपात परतायच्या, तो ओट्याखाली बसून वाट बघायचा. पलीकडच्या शेगडीवर बंगालची एक आई त्याच वेळी तिच्या मुलीला मासे तळत असायची, आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती तरी बट्टी आणि माशाची देवाणघेवाण चालायची (मी माळकरी, मासा मुलगाच खायचा, माळ त्याच्या गळ्यात नाही ना). पाणी उकळून, फळ जाड सालीचंच. केळीच्या गावची मी, तिथे प्रत्येक आईच्या पिशवीत केळंच.

आता नववीत आहे तो. वर्षातून एकदा चेकअपला जातो.

भुसावळ_लोको
आमच्या मंडळाने एका वर्षी डीजे कॅन्सल करून ते पैसे आणि वेगळी वर्गणी असं दोन्ही मिळून धर्मशाळेला दिलं. ऐकायला छान वाटतं पण आधी काय भांडणं झाली ते आम्हाला माहीत. पोरं म्हणे विसर्जनाला मुकाट्याने चालायचं का? मग ढोल लावला, मिटलं.

कामाची गोष्ट. अशी वर्गणी काढायची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं 41 क कलम आहे त्याचं. गणपतीला घेतो तशीच, पण कारण वेगळं लिहायचं. आम्हाला हे एका रिटायर हेडक्लार्क काकांनी सांगितलं नाहीतर आम्ही सरळ पावतीपुस्तक छापून निघालो होतो. दुसरं म्हणजे क्यूआर कोड. कोण्या पोराच्या पर्सनल खात्याचा लावू नका. दुकानदार स्कॅन करतो, खाली भलत्याच माणसाचं नाव येतं, तो हसतो आणि "नंतर देतो" म्हणतो. आम्ही संस्थेचाच कोड मागवून त्याचा फ्लेक्स केला, पैसे सरळ तिकडे, आमच्याकडे फक्त यादी. आणि ज्याला टॅक्समध्ये 80 जी ची (देणगीवरची) सूट पाहिजे त्याने रोख दोन हजारच्या वर देऊ नये, ते धरत नाहीत, चेक किंवा ऑनलाइन द्यायला सांगा. व्यापारी लोक पहिला प्रश्न हाच विचारतात.

सराफ_बाजार
हो विचारतो, का नाही विचारू? व्हॉट्सॲपवर दर महिन्याला एका लेकराचा फोटो येतो, नाकात नळी. मी एकदा फोन लावला तर नंबर बंद. दोन वर्षांनी तोच फोटो, नाव दुसरं, गाव दुसरं. तेव्हापासून फॉरवर्डवर एक रुपया देत नाही. संस्थेला देतो, पावती घेतो, मुंबईला माल आणायला गेलो की एकदा आत डोकावून येतो. चादरी धुतलेल्या दिसल्या की पुढच्या वर्षी परत देतो. हिशोब एवढाच.

सातपुडा_मास्तर
मी धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. इकडची गोष्ट थोडी वेगळी आहे म्हणून लिहितो. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या हृदयात छिद्र, शाळेच्या आरोग्य तपासणीत सापडलं, सरकारी कार्यक्रमातून मुंबईत ऑपरेशन फुकट. वडील तयार होईनात. मला राग आला होता, म्हटलं फुकट आहे तरी का नाही? दोन वेळा पाड्यावर गेल्यावर कळलं की टोळी ऊसतोडीला गुजरातमध्ये निघायच्या बेतात आहे आणि मुकादमाकडून उचल घेऊन झालीये. ते मुंबईत बसले तर उचल कोण फेडणार? म्हणजे राहायला जागा फुकट दिली तरी त्यांचा प्रश्न सुटत नव्हता. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर मी स्पष्ट लिहिलं की हे पैसे ऑपरेशनला नाहीत, बुडालेल्या मजुरीला आहेत. थोडे लोक नाराज झाले, मजुरी का द्यायची म्हणे. पण जमले. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात एका मिठाईवाल्याने स्वतःहून डबा ठेवला होता गल्ल्याशेजारी, त्यात दहा-वीसच्या नोटा आणि चिल्लर, मोजायला आम्हाला संध्याकाळ लागली.

अजून एक. मुलीच्या आईला पावरी बोली सोडून काही येत नव्हतं. धर्मशाळेच्या काउंटरवर आधी हिंदीत विचारलं, मग मराठीत, ती नुसती मान हलवायची, ते समजले कळलं हिला. गोळ्या सकाळ-संध्याकाळ उलट्या दिल्या गेल्या, नशिबाने सिस्टरच्या लक्षात आलं. नंतर कॉलेजात शिकणारा एक पावरा मुलगा रोज रात्री फोनवर तिच्याशी बोलायचा आणि सिस्टरला समजवायचा. त्याच्या रिचार्जचे पैसे पण आमच्या यादीत होते. पैसे गोळा करणाऱ्यांनी असल्या गोष्टींना पण बाजूला काढून ठेवावं असं मला वाटतं.

कल्याणकर_खान्देशी
मूळ पाचोरा, नोकरी मुंबईत. शनिवारी परळ-दादर भागात जातो, फॉर्म भरून देणं, स्टेशनवर आणायला जाणं, असं काय काय. इकडचं थोडं सांगतो म्हणजे मावशींना ठरवता येईल. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे बहुतेक टाटाचेच पेशंट आणि त्यांची माणसं. बाबांनी देवळं नाही बांधली, लोकांकडून मागून धर्मशाळा बांधल्या, आपल्याकडे कीर्तनात हे सगळे सांगतात पण ती जागा अजून चालू आहे हे बघायला कोणी जात नाही. परळला नाना पालकर स्मृती समिती 1968 पासून आहे. फक्त कॅन्सरच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी सेंट ज्यूड, ते 2006 ला सुरू झालं. तरी देशभरातून येणारे एवढे की रस्त्यावर ताडपत्री टाकलेली दिसतेच. 2021 ला म्हाडाने टाटाच्या पेशंटच्या माणसांसाठी 100 घरं द्यायचं ठरवलं तर त्याच इमारतींतल्या रहिवाशांची तक्रार गेली, स्थगिती आली, मग लगेच भोईवाड्याला बॉम्बे डाईंगच्या तिथली 100 घरं देऊ केली. म्हणजे पैसा हा एकच अडथळा आहे असं नाही, शेजारी म्हणून ही माणसं काहींना नको असतात.

देणगीचं म्हणाल तर सगळ्यात अवघड आहे महिन्याचा खर्च. कूलर द्यायला दहा जण तयार, त्यावर पाटी लागते. वाढदिवसाला बिस्किटं तर इतकी येतात की ठेवायला जागा नाही, आणि उघडी मिठाई आणतात जी या पोरांना चालतच नाही. लाइट बिल, टँकर, सफाईवाल्या मावशींचा पगार, फिनाईल, गाद्यांच्या खोळी, याच्यावर पाटी कुठे लावणार? मावशी, तुम्ही द्याल तेव्हा सांगून द्या की हे चालू खर्चाला वापरा. मॅनेजर तुमच्या पाया पडेल.

बाहेरच्या देशात पण सुरुवात अशीच झालेली. अमेरिकेत फिलाडेल्फियाला एका फुटबॉल खेळाडूच्या मुलीला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झाला, तो आणि बायको दवाखान्याच्या खुर्च्यांवर झोपायचे, आजूबाजूला तसेच आईबाप. मग त्याची टीम, ऑड्री एव्हान्स नावाच्या डॉक्टरबाई आणि मॅकडोनाल्डवाले यांनी मिळून 1974 ला घर उभं केलं, त्यातला पैसा हिरव्या रंगाचा मिल्कशेक विकून आला होता. आज त्या रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउसच्या शाखा कितीतरी देशांत आहेत.

भरीतवाली_यावल
मिल्कशेक कशाला, आपलं भरीत आहे ना! आम्ही केलंय. थंडीत शेतात भरीत पार्टी, कूपन काढून. वांगी बामणोदच्या बाजूची, हिरवी मोठी. तुरकाठ्यांवर भाजायची, गॅसवर भाजलेलं कोणी विकत खाणार नाही. सालं काढायला सगळ्या बायका खाली बसलेल्या, हात काळे, पदर खोचलेले, आणि मग बडगीत (लाकडी भांड्यात) घालून दोन माणसांनी ठेचायचं, मिरची-लसूण आधी, वांगं नंतर, वरून कांद्याची पात. कळण्याची भाकरी आणि पुऱ्या. तेल, शेंगदाणे, वांगी सगळं कोणी ना कोणी दिलेलं म्हणून कूपनचे जवळजवळ पूर्ण पैसे हातात राहिले. पुरुषमंडळी पहिल्या वर्षी म्हणे बायकांची पिकनिक आहे, दुसऱ्या वर्षी तेच ट्रॅक्टर घेऊन तुरकाठ्या आणून देत होते. कूपन आधी विका, दारात रोख घेऊ नका. आणि उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. आमच्या आजीसासूने पंच्याऐंशीच्या वयात बिबडे थापून दिले, म्हणाली "पैसा नही मनाजोडे, हात शेतस." (माझ्याजवळ पैसा नाही, हात आहेत.)

धुळे_चाळीसगाव_पॅसेंजर
माझी मुलगी राहिली नाही. लिहू की नको असं करत होतो. तीन-चार वेळा पुसलं.
लोक तेव्हा म्हणायचे एवढे पैसे घालून काय उपयोग झाला. मी इतकंच सांगतो की शेवटचे महिने ती रस्त्यावर नव्हती. खोलीत होती, आई जवळ होती, खिडकीत तिने पुदिना लावला होता. ती जागा कोणीतरी वर्गणी देऊन चालवली होती, मला त्यांची नावं माहीत नाहीत. मुलीचं वर्षश्राद्ध झालं तेव्हापासून तेराव्याचं-वर्षश्राद्धाचं जेवण आमच्या भाऊबंदांत कमी करायला लावतो मी आणि उरलेलं तिकडे पाठवतो. काही जणांनी बोलणं टाकलं. काहींनी स्वतःहून पाठवले. मावशी, तुम्ही पाठवताना आमच्या नावाने पण थोडे घ्या, नंबर मेसेज करतो.

जळगावची_मावशी
दादा, घेते. काय लिहू अजून.
सगळ्यांचं वाचलं, आमच्या ग्रुपवर पण टाकलं. बिस्किटं आणि फळवाटप रद्द. भुसावळच्या भाऊंनी सांगितलेल्या परवानगीचा अर्ज सोमवारी देतोय, आणि संस्थेला पत्रात "चालू खर्चासाठी" असं लिहून देणार. भरीत पार्टीचं यावलच्या ताईंशी बोलणं झालं, बडगी त्या देतायत. मास्तर, मजुरीचं आमच्या बायकांना पटलं, एक पाचवा हिस्सा तुम्हाला वेगळा ठेवू. रावेरच्या ताई, एक विचारायचं राहिलं, रेल्वेच्या सवलतीचं कसं असतं? पोळ्यावाल्या ताईंची बहीण अजून पूर्ण तिकीट काढून जातेय.

केळीवाली_रावेर
अरे देवा. फॉर्म हॉस्पिटलमध्येच मिळतो, सही-शिक्का करून देतात, तो घेऊन तिकीट खिडकीवर जायचं. कॅन्सर पेशंटला स्लीपरला आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत, सोबतच्या एकाला पंचाहत्तर टक्के. थर्ड एसीच घ्यायला सांगा, स्लीपरमध्ये गर्दी घुसते आणि पोराचे काउंट कमी असतील तर नको. त्यांना माझा नंबर द्या, रात्री नऊनंतर लावा म्हणावं, तोवर मी शेतातून आलेली असते.